मूनवॉचला दुसरा पट्टा लावताना: आधी पिन, मग माप, मग कातडं

घड्याळाला नवा पट्टा घ्यायचा म्हटलं की आपण रंगापासून सुरुवात करतो. मीही तशीच केली होती. ओमेगा स्पीडमास्टर प्रोफेशनलसाठी, म्हणजे चंद्रावर गेल्यामुळे ज्याला मूनवॉच म्हणतात त्या घड्याळासाठी, ऑनलाइन एक देखणा तपकिरी पट्टा मागवला, महिनाभर हौसेने वापरला, आणि जुलैतल्या एका संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या जिन्यावर खांद्यावरची बॅग सावरताना घड्याळ मनगटावरून सुटून पायरीवर आपटलं. पट्टा शाबूत होता. त्याच्या आतली काडीएवढी पिन वाकून भोकातून निसटली होती. काचेवरचा ओरखडा पॉलिशने गेला. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या पोलादी आवरणाच्या, खालच्या कोपऱ्यावर पडलेला खळगा मात्र अजून आहे. तो घासून काढायला मी तयार नाही, कारण केसचं पोलाद एकदा घासलं की तिची धार कायमची जाते.

म्हणून या लेखात रंगाचा विषय जवळजवळ शेवटी येईल. ज्या क्रमाने मला आधी विचार करायला हवा होता, त्याच क्रमाने लिहितो आहे. उदाहरण स्पीडमास्टरचंच घेतलंय. एक तर ते मला हातासारखं ओळखीचं आहे, आणि दुसरं म्हणजे पट्टे बदलून वापरण्यासाठी त्याच्याइतकं सोयीचं क्लासिक स्पोर्ट्स घड्याळ सापडणं कठीण. चार लग, म्हणजे पट्टा धरणारी केसची चार शिंगं, त्यांच्यात साधी पिन, आणि सरळ कडेचा कुठलाही पट्टा बसेल अशी मोकळी जागा.

सगळ्या घड्याळांचं असं नसतं. जेराल्ड जेंटाने आखलेलं १९७२चं ऑडमार पिगे रॉयल ओक किंवा १९७६चं पटेक फिलिप नॉटिलस घ्या. त्यांची चेन केसचाच भाग असल्यासारखी बसवलेली असते. तिथे बाजारातला साधा पट्टा लागतच नाही, खास त्या घड्याळासाठी कापलेलाच घ्यावा लागतो. तुमचं घड्याळ त्या जातीचं असेल तर पुढचं माप-पिन प्रकरण तुमच्या फारसं कामाचं नाही. कातड्याबद्दलचं आणि पावसाळ्याबद्दलचं तेवढं वाचा.

या घड्याळाने आधी काय काय घातलंय

पट्टा घेताना इतिहास कशाला, असं वाटेल. पण "या घड्याळाला काय शोभेल" या प्रश्नाचं उत्तर बरंचसं तिथेच आहे.

स्पीडमास्टर १९५७ साली आलं तेव्हा चंद्राचा काही संबंध नव्हता. ते मोटार शर्यतींसाठीचं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, होतं, म्हणूनच वेग मोजायची टॅकीमीटरची मोजपट्टी डायलवरून उचलून बाहेरच्या कड्यावर नेलेली. त्यामुळे मोठी भोकं पाडलेला, मोटारीच्या स्टिअरिंगची आठवण करून देणारा रॅली पट्टा या घड्याळावर उपरा वाटत नाही. तो त्याच्या मूळ घराण्यातलाच आहे.

१ मार्च १९६५ रोजी नासाने स्पीडमास्टरला अंतराळ मोहिमांसाठी पात्र ठरवलं. त्याआधीच्या चाचण्यांत घड्याळं ७१ अंश सेल्सिअसला दोन दिवस आणि त्यानंतर ९३ अंशांना अर्धा तास ठेवली होती. शिवाय गोठवणं, हादरे, निर्वात, दमटपणा. त्याच वर्षी ३ जूनला जेमिनी ४ मधून एड व्हाइट यानाबाहेर पडले, तेव्हा अंतराळ पोशाखाच्या बाहीवर स्पीडमास्टर होतं. पट्टा होता लांबलचक व्हेल्क्रोचा. फुगलेल्या बाहीवर पोलादी चेन पुरली नसती, आणि जाड हातमोजे घातलेल्या बोटांना बक्कल लावता आलं नसतं. १९६९च्या जुलैत बझ ऑल्ड्रिन यांनी चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हाही तसाच पट्टा होता. आर्मस्ट्राँग यांनी आपलं घड्याळ यानातच ठेवलं होतं, कारण यानातलं इलेक्ट्रॉनिक घड्याळ बंद पडलं होतं.

म्हणजे या घड्याळाचा सगळ्यांत गाजलेला पट्टा कापडी होता, कामापुरता होता आणि गरजेतून निवडलेला होता. महागड्या घड्याळाला नायलॉन लावलं की काही लोक नाक मुरडतात. त्यांना हे जरूर सांगावं.

तुमच्या घड्याळाचं माप नक्की किती?

बहुतेक स्पीडमास्टर प्रोफेशनलचं लगमधलं अंतर २० मिमी आहे. १९६४च्या सुमारास १०५.०१२ हा संदर्भ क्रमांक आला. त्यात केस उजवीकडे थोडी फुगली, चावीला आणि बटणांना आडोसा मिळाला आणि घड्याळ ४२ मिमीचं झालं. तेव्हापासून आजतागायत २० मिमी. २०२१ साली ३८६१ हे नवं यंत्र आलं, तरी हे माप तेच राहिलं.

गोंधळ होतो तो त्याआधीच्या घड्याळांत. सीके २९९८ किंवा १०५.००३, म्हणजे ज्याला संग्राहक "एड व्हाइट" म्हणतात ते सरळ शिंगांचं मॉडेल, यांचं माप १९ मिमी. कोणाच्या आजोबांचं घड्याळ हाती आलं असेल तर आधी मोजा. दुकानदार "वीसचाच बसतो, जरा दाबून घालू" म्हणाला तर नको म्हणा. २०चा पट्टा १९च्या जागेत कोंबला की कडा चुरगळतात आणि बसवताना-काढताना शिंगांची आतली बाजू घासते. उलट २०च्या जागेत १८चा लावला तर दोन्ही बाजूंना पिन उघडी दिसते, पट्टा डावी-उजवीकडे सरकतो आणि सगळा ताण पिनच्या मधोमध येतो.

मोजायला साधी पट्टी वापरू नका. डिजिटल व्हर्नियर कॅलिपर आता महाग राहिलेला नाही, आणि त्याचे आतल्या मापाचे जबडे नेमके याच कामाचे. जुना पट्टा काढून शिंगांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. जबड्यांच्या टोकांवर कागदी टेप लावा म्हणजे ओरखडे पडणार नाहीत. तीनदा मोजा. १९.९ आलं तर ते २०च.

हे दुसऱ्या घड्याळांनाही लागू आहे. रोलेक्स सबमरिनर पिढ्यान्‌पिढ्या २० मिमीचं होतं, पण २०२०च्या मॉडेलपासून २१ झालं. "सबमरिनरचा पट्टा" म्हणून मागवलेला पट्टा तुमच्या सबमरिनरला बसेलच असं नाही.

दुसरं माप बक्कलच्या बाजूचं. पट्टा शिंगांपाशी २० आणि टोकाला १८ किंवा १६ असा निमुळता होतो. २०/१८ थोडा रांगडा, २०/१६ जुन्या धाटणीचा. माझं मत २०/१६च्या बाजूने आहे, कारण ४२ मिमीची केस लहान मनगटावर आधीच भरदार दिसते आणि खाली पट्टा बारीक झाला की हात मोकळा वाटतो. ओमेगाने स्वतःही २०२१च्या चेनमध्ये २० वरून १५ पर्यंत निमुळतेपणा आणला. आधीची चेन १८ वरच थांबायची. पण तुमच्याकडे ओमेगाचं घडीचं बक्कल असेल तर त्याची रुंदी आधी पाहा, ती बहुधा १८ असते. १६च्या टोकाला ते लागणार नाही.

पिन

आपल्याकडे घड्याळजी याला नुसतं "पिन" म्हणतात. बारीक नळी, आत स्प्रिंग, दोन्ही टोकांना दबणारे खिळे. एवढ्यावर सगळं घड्याळ लटकलेलं असतं. पट्ट्यासोबत फुकट येणारी पिन मी आता सरळ टाकून देतो.

पिन घेताना तीन गोष्टी बघायच्या. लांबी लगच्या मापाएवढी. नळीची जाडी साधारण १.५ किंवा १.८ मिमी, पट्ट्याच्या घडीतून जाऊ शकेल तितकी जाड पिन घ्या. आणि टोकाजवळची कड, म्हणजे जिथे हत्याराचं टोक अडकवून दाबायचं ती गोल पाळी. दोन पाळ्या असलेली पिन काढायला सोपी जाते, कारण हत्यार दोन पाळ्यांच्या मधे बसतं आणि घसरत नाही. जाड पट्टा केसला घासत असेल तर बाहेरच्या बाजूला किंचित वाकवलेल्या पिनाही मिळतात. जाड कातड्याला त्या खरंच उपयोगी पडतात.

हत्याराशिवाय नुसत्या नखाने खिटी सरकवून काढता येणारे पट्टे हल्ली भरपूर आले आहेत. सोय मोठी आहे, मान्य. पण त्या खिटीसाठी नळीला खाच पाडलेली असते आणि स्वस्त पट्ट्यांत नळी मुळातच पातळ असते. माझं घड्याळ पडलं ते अशाच पिनमुळे. चांगल्या कारागिराच्या पट्ट्यात ती मजबूत असू शकते, तरीही एवढ्या किमतीच्या घड्याळाला मी साधी अखंड पिन आणि हत्यार हाच मार्ग सुचवेन. हवं तर पट्ट्यातली खिटीची पिन काढून त्या जागी जाड पिन घाला. बहुतेक पट्ट्यांत ती बसते.

पिन कधी बदलायची? खिळा दाबल्यावर झटकन बाहेर येत नसेल, रेंगाळत असेल, तर लगेच. घामाची मिठं आत जमली की स्प्रिंग असं वागते. टेबलावर सपाट काचेवर पिन गडगडवून पाहा, वाकलेली असेल तर लंगडते. माझा नियम साधा आहे: पावसाळा संपला की दोन्ही पिना नव्या.

मनगट

शिवणकामाची मऊ टेप घ्या आणि हाडाच्या थोडं वर, जिथे घड्याळ प्रत्यक्षात बसतं तिथे मोजा. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. उकाड्यात मनगट फुगतं, आणि दोन्ही मापांतला फरक एका भोकाएवढा सहज असतो.

पट्ट्यांची लांबी दोन आकड्यांत लिहितात: बक्कलची बाजू आणि भोकांची बाजू. ७५/११५ मिमी हा बाजारातला नेहमीचा. सोळा-सतरा सेंटीमीटरच्या मनगटाला, आणि आपल्यापैकी अनेकांचं तेवढंच असतं, ७०/११० जास्त नेटका बसतो. लांब पट्टा घेतला तर दोन दोष दिसतात. बक्कल मनगटाच्या खाली मधोमध न येता बाजूला सरकतं आणि टेबलावर हात टेकला की टोचतं, आणि उरलेलं शेपूट दुसऱ्या लूपच्या पुढे लोंबत राहतं. बक्कलची बाजू आखूड घेण्याचा फायदा पहिल्याच दिवशी कळतो.

घडीचं बक्कल पडायचा धोका कमी करतं, कारण ते उघडलं तरी घड्याळ हाताभोवतीच राहतं. कातडं रोज वाकत नाही, म्हणून पट्टाही जास्त टिकतो. बारीक मनगटावर मात्र त्याचा पोलादी वाकडा भाग आतल्या बाजूला बसतो, आणि तिथली त्वचा नाजूक असते. सोळापेक्षा कमी मनगट असेल तर साधं काट्याचं बक्कलच ठेवा.

स्पीडमास्टरची वरच्या शिंगाच्या टोकापासून खालच्या शिंगाच्या टोकापर्यंतची लांबी सुमारे ४८ मिमी आहे. शिंगं खाली वळलेली असल्यामुळे ते आकड्यापेक्षा लहान बसतं. पण जाड, भरावाचा, ताठ पट्टा लावला तर तो शिंगांतून सरळ बाहेर येतो आणि घड्याळ जणू आणखी लांब होतं. बारीक मनगटाला शिंगांपाशी तीन-साडेतीन मिमीपेक्षा जाड पट्टा घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आता कातडं, कापड, रबर, पोलाद

कातड्याबद्दल आधी एक शब्द नीट समजून घ्यावा. पट्ट्यावर "अस्सल चामडं" असा छाप असला म्हणजे ते चांगलंच असतं असं नाही. वरचा दाणेदार थर शाबूत असलेलं कातडं सगळ्यांत टिकाऊ. तो थर घासून, वर रंगाचा थर देऊन नकली दाणा उमटवलेलं कातडं पहिल्या दिवशी सारखंच दिसतं, पण सहा महिन्यांत भोकांपाशी रंगाचा पापुद्रा सुटतो. ओळखायचं कसं? पट्टा हळूच वाकवा. खऱ्या दाण्यावर बारीक सुरकुत्या पडतात आणि सरळ केल्यावर विरतात. रंगाच्या थरावर एक सलग घडी दिसते. कडेकडे पाहा. घासून गुळगुळीत केलेली किंवा दुमडून शिवलेली कड चांगली. नुसता जाड रंग फासलेली कड घामाने भेगाळते.

वनस्पतींच्या सालींनी कमावलेलं कातडं आपल्याला नवं नाही. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. सुरुवातीला ताठ, फिकट, आणि वापरत गेलं की हाताच्या तेलाने गडद होत जाणारं. तसाच पट्टा स्पीडमास्टरच्या काळ्या डायलखाली फार सुंदर म्हातारा होतो. अडचण एकच, पाणी लागलं की डाग राहतात. क्रोमने कमावलेलं कातडं मऊ, रंग टिकवणारं आणि ओलसरपणा थोडा अधिक सोसणारं असतं. रोज लोकलने जाणाऱ्याला मी क्रोमचं सुचवेन, आणि ज्याला वर्षानुवर्षं एकच पट्टा मुरवायचाय त्याला सालीचं.

वरच्या कातड्याइतकंच महत्त्व अस्तराला आहे, आणि ग्राहक ते उलटून पाहतच नाही. घाम अस्तर पितं. कृत्रिम अस्तर पातळ रंगासारखं सोलवटतं आणि वास धरतं. मऊ, रंग न दिलेल्या वासराच्या कातड्याचं अस्तर मागा.

मुंबईत राहत असाल तर धारावीच्या चामड्याच्या दुकानांतून पट्टा बनवून घेणं हा फार चांगला पर्याय आहे. जाताना कागदावर पाच आकडे लिहून न्या: शिंगांपाशी रुंदी, टोकाला रुंदी, दोन्ही बाजूंची लांबी आणि जाडी शिंगांपाशी किती. जुना पट्टा नमुन्याला द्या, घड्याळ देऊ नका. कारागिराला सांगायची एक गोष्ट: "पिनची घडी जाड पिनच्या मापाने ठेवा." ही घडी बहुतेक वेळा बारीक पिनच्या हिशेबाने शिवलेली असते, आणि मग १.८ची पिन आत जातच नाही.

मगरीच्या कातड्याबद्दल थोडं. अमेरिकन ॲलिगेटर हा वन्यजीव व्यापारावरच्या साइट्स करारात परिशिष्ट २ मध्ये येतो, त्यामुळे असा पट्टा देशाच्या सीमेपलीकडून मागवताना कागदपत्रं लागतात. अमेरिकेतल्या भावाला "येताना घेऊन ये" म्हणण्याआधी त्याला हे सांगा. मला विचाराल तर मूनवॉचला मगर शोभतच नाही. ते कष्टाचं घड्याळ आहे.

नायलॉनचा पट्टा लोक "नाटो" म्हणून ओळखतात. त्याचं मूळ ब्रिटिश लष्करात आहे. १९७३च्या संरक्षण मानकातला तो करडा पट्टा जी१०९८ नावाच्या अर्जावर भांडारातून मिळायचा, म्हणून तो थोडक्यात जी१०. त्याची खुबी रचनेत आहे. एकच सलग पट्टी दोन्ही पिनांखालून जाते. एक पिन निसटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनवर हातालाच राहतं. ठाण्याच्या जिन्यावर माझ्या हातात हा पट्टा असता तर हा लेख वेगळा झाला असता.

दोष एक आहे, आणि तो स्पीडमास्टरला जास्त जाणवतो. घड्याळ मुळात तेरा-चौदा मिमी जाड. जी१०चे दोन थर त्याखाली आले की ते आणखी उचललं जातं आणि शर्टाच्या बाहीत अडकतं. उपाय म्हणजे खालची छोटी पट्टी नसलेला एका थराचा पट्टा. सुरक्षितता तीच, उंची निम्म्याने कमी. नायलॉन दाट विणीचं घ्या, भोकं उष्णतेने बंद केलेली आहेत ना ते पाहा, आणि आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. ओवताना पोलादी लूप केसच्या मागच्या बाजूवर घासतात, तेव्हा तिथे बोट ठेवून ओवा.

व्हेल्क्रोचा पट्टा इतिहासाच्या प्रेमापोटी घ्यायचा असेल तर जरूर घ्या. एक-दोन मिमीसुद्धा सैल-घट्ट करता येतो ही त्याची मोठी सोय आहे, विशेषतः ज्यांचं मनगट दिवसभरात बदलतं त्यांना.

रबराबाबत माझा अनुभव सोपा आहे. सिलिकॉन नको, त्यावर धूळ आणि कपड्याचा तंतू चिकटतो. एफकेएम नावाचं रबर महाग पडतं, पण घाम, सनस्क्रीन, तेल यांना दाद देत नाही आणि धुऊन पुसलं की नव्यासारखं. साठच्या दशकातल्या ट्रॉपिक पट्ट्यासारखी वर टोपलीची वीण असलेला एफकेएम पट्टा स्पीडमास्टरला वयाने आणि रूपाने जुळतो. फक्त रबर लावलं म्हणून घड्याळ पोहायचं होत नाही. मूनवॉच ५० मीटरचं आहे, आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं असेल तर त्याला पाण्यापासून दूरच ठेवा.

चेन हा स्वतंत्र विषय आहे, इथे एवढंच. जुन्या घड्याळासोबत आलेल्या चेनच्या आत आकडे कोरलेले असतात. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या चपट्या कड्यांच्या चेनवर १०३९ आणि तिच्या टोकाच्या तुकड्यावर ५१६. सत्तरच्या दशकातल्या एका चेनवर ११७१ आणि तुकड्यावर ६३३. असे आकडे दिसले तर ती चेन विकू नका, कड्या काढून फेकू नका, पॉलिशला देऊ नका. रोज वापरायला वेगळी घ्या. जाळीदार पोलादी चेनही इथे परकी नाही, कारण अपोलो काळातल्या अंतराळवीरांनी जेबी चॅम्पियनच्या जाळीच्या चेन वापरल्या होत्या. निकेलची ॲलर्जी असेल तर लक्षात ठेवा, ३१६ एल पोलादात निकेल असतं आणि स्वस्त बक्कलच्या मुलाम्याखालीही ते असू शकतं. मनगटाला बक्कलच्या आकाराचा लाल चट्टा उठला तर टायटॅनियमचं बक्कल घ्या.

आणि हो, रंग

काळं डायल, पांढरे काटे. जवळजवळ सगळं चालतं, म्हणून उलट संयम लागतो. पांढऱ्या दोऱ्याची शिवण काट्यांशी बोलते, पण ती फक्त शिंगांपाशी दोन टाके असेल तर जास्त छान दिसते. करडं नायलॉन पोलादात मिसळून जातं. तपकिरीत मधाचा रंग टाळून गडद घ्या. जुन्या घड्याळाचे रेडियम-ट्रिटियमचे ठिपके पिवळसर पडले असतील तर त्यांच्याशी जुळणारा फिका दोरा निवडा. गडद निळा मला स्वतःला आवडत नाही, डायल त्याच्यापुढे धुवट वाटतं.

बसवण्याची पद्धत

दुकानात देऊ शकता, पण हे शिकून घेण्यासारखं आहे. स्पीडमास्टरची भोकं शिंगांच्या आरपार नसतात, त्यामुळे बाहेरून सुई घालून पिन दाबता येत नाही. आतूनच, दोन टोकांच्या काट्याच्या हत्याराने काम करावं लागतं. बर्जियन कंपनीचं ६७६७ हे हत्यार घड्याळजींच्या टेबलावर नेहमी दिसतं. साधं चिनी हत्यार वापरलं तर त्याचं टोक जाड असतं आणि तेच घसरून शिंगावर रेघ मारतं.

खाली मऊ टॉवेल अंथरा, त्याच्या कडा उभ्या करा. पिन उडते, आणि टॉवेलच्या बाहेर गेली की संपलं. चष्मा असेल तर घाला, नसेल तर चेहरा वरून आणू नका. शिंगांच्या आतल्या आणि खालच्या बाजूला कॅप्टॉन टेप (पातळ पिवळसर प्लास्टिकचा) किंवा रंगाऱ्याचा कागदी टेप चिकटवा. घड्याळ काच खाली करून ठेवा, पण काच हेसलाइटची म्हणजे प्लास्टिकच्या जातीची असेल तर खाली दुहेरी सुती कापड हवंच. दाणेदार टॉवेलही तिच्यावर बारीक रेघा पाडतो.

हत्याराचा काटा पट्टा आणि शिंग यांच्या फटीत घाला, पिनच्या पाळीवर बसला की घड्याळाच्या मध्याकडे दाबा आणि पट्ट्याचं ते टोक हळूच वर उचला. जोर लावायचा नाही. येत नसेल तर काटा पाळीवर बसलेलाच नाही, असं समजा. चेन असेल तर टोकाचे तुकडे दोन्ही बाजूंनी एकदम दाबणारी चिमट्यासारखी बर्जियन ७८२५ फार सोपी पडते. ती नसेल तर एक बाजू थोडी बाहेर काढा, मग दुसरी.

नवा पट्टा लावताना पिनचं एक टोक भोकात बसवा, दुसरं टोक हत्याराने दाबून शिंगाच्या आतल्या बाजूवरून सरकवा. बारीक "टक" ऐकू आला पाहिजे. बक्कलची आखूड बाजू बारा वाजता, भोकांची लांब बाजू सहा वाजता. घाईत हे उलटं होतं, आणि मग बक्कल दिवसभर नको तिथे येतं.

यानंतरचा भाग लोक टाळतात, मी टाळू देणार नाही. पट्टा दोन्ही हातांत धरून घड्याळ हलकेच खाली ओढा. मग पट्टा डावीकडे-उजवीकडे पिळा. मग हत्याराच्या टोकाने पिन थोडी फिरवून पाहा. भोकात बसलेली पिन जागच्या जागी फिरते, अर्धवट अडकलेली सरकते. हे सगळं टॉवेलवर, टेबलापासून दोन इंचांवर. पहिले दोन दिवस घराबाहेर जाताना पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहा.

पावसाळा आणि कपाट

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कातड्याचा पट्टा कपाटात जाऊ द्या, हेच खरं. या महिन्यांत मी नायलॉन आणि रबर एकाआड एक वापरतो. कातडं भिजलंच तर टिपून घ्या, बक्कल उघडून सावलीत सपाट सुकवा. हेअर ड्रायर किंवा ऊन लावलं तर ते आकसतं आणि भोकांपाशी तडकतं. कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आठवड्याभरात पांढरी बुरशी येते. सुती कापडात गुंडाळा, डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून वारा द्या. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उलट काळजी: कातडं कोरडं पडतं, तेव्हा बोटावर घेतलेला मेणाचा अगदी थोडा लेप पुरतो. जास्त तेल दिलं तर शिवणीचा दोरा सैल होतो.

एकच पट्टा रोज घालू नका. दोन असले की प्रत्येकाला वाळायला एक दिवस मिळतो आणि दोन्ही जास्त टिकतात.

घड्याळासोबत आलेला मूळ पट्टा किंवा चेन, काढलेल्या सगळ्या कड्या आणि मूळ पिना एका छोट्या डबीत ठेवा. डबीत एक चिठ्ठी टाका: कधी काढलं, किती कड्या, कोणते आकडे. माझ्या डबीतल्या चिठ्ठीवर त्या जुलैची तारीख आहे, आणि वाकलेली ती पिनही मी तिथेच ठेवली आहे. मुलीला पट्टा बदलायला शिकवताना पहिल्यांदा तीच तिच्या हातात दिली.